शस्त्रक्रियेची उपकरणे : स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि निगा

शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आम्हांला अनेक प्रश्न विचारतात. खर्च किती येईल, भूल कोण देणार, घरी केव्हा सोडणार, हे प्रश्न उघडपणे विचारले जातात. एक प्रश्न मात्र बहुधा दबक्या आवाजात येतो : "साहेब, आमच्या पेशंटला हत्यारे नवीन वापरतात ना?" या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही' असे आहे. ज्या चिमट्यांनी आणि कात्र्यांनी आज एका रुग्णावर शस्त्रक्रिया झाली, त्यांनीच उद्या दुसऱ्या रुग्णावर होईल. आणि नीट निगा राखली तर पुढील अनेक वर्षे होत राहील. जगभरच्या लहानमोठ्या रुग्णालयांची हीच रीत आहे. हे ऐकून विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते ती रास्त आहे. तिचे निरसन दोन वाक्यांत होत नाही, म्हणून यंदाच्या अहवालात या लेखाचे प्रयोजन.

दुसरेही एक कारण आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र आम्ही येथे काम करता करता, डॉक्टर व परिचारिकांकडून ऐकून जेवढे समजले तेवढेच. रुग्णालयातील जे विभाग जमाखर्चाच्या वह्यांतून आम्हांला कधीच नीट कळले नाहीत, त्यांत पहिला क्रमांक उपकरणे धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागाचा लागेल. ताळेबंदात त्याचा उल्लेख 'यंत्रसामग्री' आणि 'दुरुस्ती व देखभाल' अशा दोन ओळींत आटोपतो. देणगीदाराच्या नावाची पाटी लावावी असे तेथे फारसे काही नाही. परंतु शस्त्रक्रियागृहात शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी त्याच्या हाती येणारा चिमटा आदल्या दिवशी कोणी आणि कसा धुतला, यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते. हे आम्हांलाही उशिरा उमगले. कसे, ते पुढे ओघाने येईलच.

पुन्हा वापर कशाचा, कशाचा नाही

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सगळ्याच वस्तू पुन्हा वापरल्या जात नाहीत. इंजेक्शनच्या सुया व सिरिंज, शस्त्रक्रियेची पाती, टाके घालण्याचा धागा, सलाइनच्या नळ्या, हातमोजे हे सर्व एका रुग्णासाठी एकदाच वापरून, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांतून व डब्यांतून बाहेर जाते. पुन्हा वापरली जातात ती धातूची उपकरणे : रक्तवाहिनी पकडण्याचे चिमटे, कात्र्या, सुई धरण्याचे नीडल होल्डर, जखमेच्या कडा बाजूला धरणारे रिट्रॅक्टर, हाडांसाठीच्या छिन्न्या, कानस व ड्रिल, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची लांब नळीसारखी साधने.

ही उपकरणे स्टेनलेस स्टीलची असतात. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये अशा पोलादावर केलेल्या कामापासून त्याचा प्रसार झाला. या पोलादात क्रोमियम असते. हवेशी संबंध येताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. थर जोवर अभंग, तोवर उपकरण निर्धोक. त्याचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. रक्तात मीठ असते, सलाइनमध्येही असते. रक्ताळलेला चिमटा तासन् तास तसाच पडला अथवा सलाइनमध्ये बुडवून ठेवला, तर त्या थराला बारीक छिद्रे पडतात आणि तेथून गंज आत शिरतो. शिवाय कात्रीला धार टिकावी म्हणून तिचे पोलाद अधिक कठीण केलेले असते, आणि असे कठीण पोलाद गंजाला तुलनेने लवकर बळी पडते. तेव्हा 'स्टेनलेस' या शब्दावर विसंबून चालत नाही. आपण साथ दिली तरच ते पोलाद गंजाला दाद देत नाही.

स्वच्छ आणि निर्जंतुक

बोलण्याच्या ओघात आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. रुग्णालयात त्यांत मोठा भेद आहे. स्वच्छ म्हणजे ज्यावर रक्त, चरबी, मांसाचे कण किंवा अन्य मळ उरलेला नाही असे. निर्जंतुक म्हणजे ज्यावर कोणताही जिवंत सूक्ष्मजीव उरलेला नाही असे. त्यात जंतूंची बीजाणुरूपेही आली. धनुर्वात किंवा वायुकोथ यांचे जंतू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती टणक कवच निर्माण करून बीजाणू बनतात, आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. जुन्या पिढीतील वाचकांना दवाखान्यात उकळत ठेवलेली काचेची सिरिंज आठवत असेल. त्या काळी उपलब्ध तेच साधन होते. परंतु उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

कोणत्या साधनासाठी किती काळजी घ्यावी, याची सोपी विभागणी अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी गेल्या शतकात करून दिली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. जे साधन शरीराच्या आतील निर्जंतुक भागात शिरते, ते निर्जंतुकच हवे. जे केवळ तोंड, घसा, आतडे यांसारख्या भागांच्या ओलसर आवरणाला स्पर्श करते, त्याला किमान उच्च प्रतीचे जंतुनाशन हवे. जे अखंड त्वचेला लागते, जसा रक्तदाब मोजण्याचा पट्टा, त्याला साधी स्वच्छता व सौम्य जंतुनाशक पुरते. शस्त्रक्रियेची उपकरणे पहिल्या गटातील होत. त्यांच्याबाबत तडजोडीला वाव नाही.

आता या लेखाचा गाभा सांगतो. जे स्वच्छ नाही, ते निर्जंतुक होऊ शकत नाही. उपकरणाच्या सांध्यात वाळलेल्या रक्ताचा कण राहिला, तर त्या कणाच्या पोटात जंतू सुरक्षित बसतात. वाफ किंवा रसायन त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. लाखो रुपयांचे यंत्र त्या ठिकाणी अपुरे पडते आणि काही रुपयांचा ब्रश आधी उपयोगी पडलेला असावा लागतो.

एका चिमट्याचा प्रवास

धुण्याचे काम शस्त्रक्रिया चालू असतानाच सुरू होते. टेबलाजवळची परिचारिका वापरलेला चिमटा निर्जंतुक पाण्याने भिजवलेल्या कापडाने पुसून ठेवते, सलाइनने नव्हे. शस्त्रक्रिया संपताच सर्व उपकरणांचे सांधे उघडले जातात, धारदार वस्तू वेगळ्या होतात आणि सर्व काही ओलसर ठेवून झाकणाच्या डब्यातून धुण्याच्या खोलीत जाते. ओलसर का, हे गृहिणींना सांगण्याची गरज नाही. दुधाचे पातेले लगेच भिजत घातले तर हाताने निघते. रात्रभर वाळले तर घासून घासून हात दुखतात. रक्ताचेही तसेच आहे.

धुण्याच्या खोलीत आमचे मामा व मावशी जाड रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचा एप्रन, मुखपट्टी आणि चष्मा लावून काम करतात. हेपटायटिस 'बी'ची लस घेतल्याशिवाय कोणालाही या कामावर नेमले जात नाही. उपकरणे प्रथम एन्झाइमयुक्त द्रावणात भिजतात. हे एन्झाइम रक्तातील प्रथिनांचे तुकडे करतात. द्रावण कोमट असावे लागते. कडक पाणी वापरले तर, अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर घट्ट व्हावा तसे, रक्त धातूवर घट्ट बसते. 'जितके गरम तितके स्वच्छ' हा घरगुती समज येथे उलटा पडतो.

त्यानंतर मऊ ब्रशने प्रत्येक सांधा, प्रत्येक दाता, प्रत्येक खाच घासली जाते; तीही पाण्याखाली धरून, म्हणजे तुषार उडत नाहीत. तारेचा काथ्या अगर भांडी घासण्याची पावडर वर्ज्य आहे, कारण त्यांनी संरक्षक थर ओरखडतो. पोकळ नळीच्या साधनांतून लांब, बारीक ब्रश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला जातो. यानंतर ध्वनिलहरींच्या यंत्राची पाळी येते. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींमुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि जेथे ब्रश पोहोचत नाही तेथील मळ सुटतो. शेवटची खळबळ शुद्ध केलेल्या पाण्यात होते. कूपनलिकेच्या जड पाण्याचा येथे उपयोग नाही, कारण त्यातील क्षार उपकरणावर पांढरट थर सोडतात. मग दाबाच्या हवेने नळ्या कोरड्या केल्या जातात.

कोरडी उपकरणे तपासणीच्या टेबलावर येतात. येथे दिवा लावलेले भिंग असते आणि त्यासमोर अनुभवी सिस्टर बसलेल्या असतात. सांध्यात मळाचा ठिपका दिसला तर उपकरण परत धुण्यास जाते, वाद नाही. तपासून झालेली उपकरणे, सांधे उघडेच ठेवून, जड वस्तू तळाशी घेऊन ट्रेमध्ये मांडली जातात आणि दुहेरी वेष्टनात गुंडाळली जातात. पूर्वी मांजरपाटाचे कापड आणि भोकांचे स्टीलचे ड्रम वापरले जात. ड्रमची भोके यंत्रात घालताना उघडायची आणि बाहेर काढल्यावर बंद करायची. यांतील एक जरी विसरले तरी सारे श्रम वाया. वेष्टनावर संचाचे नाव, तारीख, फेरीचा क्रमांक आणि बांधणाऱ्याची सही असते.

वाफेचे सामर्थ्य

निर्जंतुकीकरणाचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे दाबाखालील वाफ. फ्रान्समधील लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये यासाठीचे यंत्र सिद्ध केले; तेच आजच्या ऑटोक्लेव्हचे पूर्वरूप. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचेच आहे. दाब वाढला की पाणी १०० अंशांहून अधिक तापमानावर उकळते. चौरस इंचाला सुमारे १५ पौंड जादा दाब असला की वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस होते. साध्या यंत्रात गुंडाळलेल्या संचांना या तापमानावर साधारण ३० मिनिटे ठेवतात. आधी पंपाने हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात १३४ अंशांवर ३ ते ४ मिनिटे पुरतात. हा वेळ यंत्र सुरू केल्यापासून मोजायचा नसतो. आतील तापमान ठरलेल्या अंकाला पोहोचल्यापासून मोजायचा असतो.

वाफच का? तापलेल्या भट्टीजवळ हात क्षणभर धरता येतो, परंतु कुकरच्या वाफेचा चटका सहन होत नाही. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवण्यास १०० कॅलरी लागतात. तेच एक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात येऊन थंड वस्तूवर निवले की सुमारे ५४० कॅलरी सोडून देते. ही उष्णता जंतूंची प्रथिने क्षणात गोठवते. मात्र वाफ वस्तूला प्रत्यक्ष भिडली पाहिजे. कुकरमधील हवा निघून वाफेची धार लागल्यावर मगच शिट्टी ठेवावी, असे जुन्या बायका सांगत. ऑटोक्लेव्हलाही तोच नियम. आत हवेचा कप्पा राहिला तर तेथे वाफ शिरत नाही, आणि बाहेरचा काटा १३४ दाखवत असतानाही तो भाग निर्जंतुक होत नाही. त्याचप्रमाणे वेष्टन ओले निघाले तर तो संच निर्जंतुक मानला जात नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. असा संच पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

उष्णता न सोसणाऱ्या साधनांसाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा यांची यंत्रे असतात. पहिला वायू प्रभावी खरा, परंतु मनुष्यास कर्करोगकारक असल्याने त्यानंतर साधने बराच काळ हवेशीर कपाटात ठेवावी लागतात.

पुरावा कोणता?

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मग संच निर्जंतुक झाला हे कशावरून मानायचे? हिशेबनिसाला व्हाउचर लागते, तसेच येथेही लागते. वेष्टनावरील पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. त्यावरून इतकेच कळते की संच यंत्रातून जाऊन आला. संचाच्या आत ठेवलेली दुसरी पट्टी वाफ आतपर्यंत पोहोचली का, ते सांगते. निर्वात पद्धतीच्या यंत्राची रोज सकाळी, पहिल्या कामाआधी, 'बोवी-डिक' चाचणी होते. बोवी आणि डिक यांच्या नावाने १९६३ पासून ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत खास कागदाचा रंग सर्वत्र सारखा बदलला तरच हवा पूर्ण निघाल्याचे समजते. मधोमध फिकट डाग राहिला तर यंत्र बंद ठेवायचे.

सर्वांत कठोर परीक्षा जिवंत जंतूंची. उष्णतेला अतिशय चिवट अशा, परंतु मनुष्यास निरुपद्रवी जंतूंचे बीजाणू कुपीत भरून संचांबरोबर यंत्रात घालतात आणि नंतर ते वाढतात का, हे पाहतात. वाढले तर फेरी नापास. आठवड्यातून किमान एकदा, आणि सांध्याचे रोपण किंवा हाडातील पट्टी असलेल्या प्रत्येक फेरीत ही चाचणी केली जाते. निकाल येईपर्यंत ते साहित्य बाजूला ठेवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जाहीर केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीतही, छेद घेण्यापूर्वी परिचारिकेने निर्जंतुकीकरणाची खूण पाहिल्याचे मोठ्याने सांगावे, असे कलम आहे.

मुल्कोवालचा चिमटा

या सर्व नोंदींचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस देशभर जात असे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी ती लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि ते भारत सोडून गेले. पुढे पुराव्यांची छाननी झाली तेव्हा दिसले, की मुल्कोवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

एका पडलेल्या चिमट्याने १९ जीव गेले आणि एका निरपराध शास्त्रज्ञाची पाच वर्षे कलंकात गेली. नोंद नेमकी असती आणि वेळीच वाचली गेली असती, तर निदान दुसरा अन्याय टळला असता. आमच्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकास ही हकिकत सांगितली जाते.

आमची चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी आमच्याच रुग्णालयात जे घडले ते सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली एक महिला रुग्ण सुमारे महिनाभराने परत आली. जखमा भरल्या होत्या, टाके निघाले होते. परंतु बेंबीजवळच्या छेदाशी गाठ येऊन त्यातून पाणी झिरपत होते. नेहमीच्या औषधांनी गुण येईना. थोड्याच दिवसांत दुसरा रुग्ण तशीच तक्रार घेऊन आला. प्रयोगशाळेच्या तपासणीत क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतील, पण क्षय न करणारे, पाण्यात व मातीत आढळणारे जंतू सापडले. हे जंतू सावकाश वाढतात, म्हणूनच जखम आधी भरते आणि मग बिघडते. दोघांनाही कित्येक महिने औषधे घ्यावी लागली, आणि त्या महिलेवर गाठ काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

शोध घेतला तेव्हा कारण आमच्याच धुण्याच्या खोलीत निघाले. दुर्बिणीच्या साधनांचा एकच संच होता आणि एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया होत. दोन शस्त्रक्रियांच्या मधे वाफेने निर्जंतुक करण्यास वेळ नसे, म्हणून साधने पूर्ण न उकलताच ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटे बुडवून, नळाच्या पाण्याने खळबळून पुन्हा वापरली जात. एवढ्या वेळात त्या द्रावणाने जंतूंचे प्रमाण पुष्कळ घटते. निर्जंतुकीकरणास मात्र त्याला सुमारे १० तास लागतात. त्यातही नळीच्या आत मळ उरला आणि शेवटी पाणी नळाचे, म्हणजे जंतूंना वाट मोकळीच. अशा प्रकारचे संसर्ग भारतात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे २००६-०७ मध्ये ६३ रुग्णालयांत मिळून अशा संसर्गाचे एक हजारांहून अधिक संशयित रुग्ण आढळले होते, आणि तेथील जंतू या द्रावणालाही जुमानत नसल्याचे दिसून आले.

यांतला आमचा भाग असा. दुसरा संच विकत घ्यावा, अशी लेखी मागणी शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिकांनी दोन वेळा केली होती. दोन्ही वेळा आम्हीच ती 'पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा' असा शेरा मारून परत पाठवली होती. 'एक संच असताना दुसऱ्याची निकड काय', असा हिशेब आम्ही केला होता. आणि तो कागदावर बरोबर होता. दोन्ही कुटुंबांना बोलावून घडले ते सर्व सांगण्यात आले, व पुढील उपचारांचा खर्च संस्थेने केला. त्या महिलेच्या यजमानांनी शांतपणे विचारले, "हा दुसरा संच केवढ्याला येतो?" आम्ही आकडा सांगितला. ते पुढे काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

त्यानंतर दुर्बिणीचे आणखी संच आले, साधने पूर्णपणे उकलून धुण्याचा दंडक घातला गेला, शुद्ध पाण्याची सोय झाली आणि पोटात जाणारे कोणतेही साधन वाफेने अथवा निम्न तापमानाच्या यंत्रातून निर्जंतुक झाल्याखेरीज टेबलावर घ्यायचे नाही, असा नियम विश्वस्त मंडळाच्या ठरावाने झाला. संच तयार नसेल तर शस्त्रक्रिया थांबेल. संच घाईने तयार होणार नाही.

निगा आणि आयुष्य

धुणे आणि वाफ यांच्याइतकीच महत्त्वाची आहे ती नित्याची देखभाल. प्रत्येक धुण्यानंतर सांध्यांना पाण्यात विरघळणारे खास वंगण दिले जाते. साधे तेल चालत नाही, कारण त्याच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. चिमट्याची पकड तपासण्याची एक सोपी युक्ती आहे : तो पहिल्या दात्यावर बंद करून तळहातावर हलकेच आपटायचा, आपोआप उघडला तर दुरुस्तीस. कात्रीने गॉज टोकापर्यंत न अडखळता कापला गेला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या दुर्बिणीच्या साधनांवरील आवरणाला बारीक चीर पडली असल्यास आत भलत्याच ठिकाणी भाजण्याचा धोका असतो, म्हणून तेही दर वेळी पाहिले जाते.

तपकिरी ठिपका दिसला म्हणजे गंजच, असे नाही. पेन्सिलच्या खोडरबराने घासून पाहायचे. ठिपका गेला आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असला, तर तो पाण्याचा वा रसायनाचा डाग. खाली खड्डा दिसला, तर गंज. गंजलेले उपकरण ताबडतोब संचातून बाहेर काढावे लागते, कारण त्याच्या खड्ड्यात मळ साठतो, शिवाय गंज शेजारच्या चांगल्या उपकरणांनाही लागतो. आमच्या हिशेबाच्या वहीत त्या चिमट्याची काही किंमत अद्याप शिल्लक असते. पूर्वी अशा वेळी आम्ही 'अजून चालेल' असे म्हणत असू. आता भिंगापुढे बसणाऱ्या सिस्टरांचा शब्द अखेरचा मानला जातो आणि घसाऱ्याचा मेळ आम्ही नंतर बसवतो.

आपल्याकडून अपेक्षा

रुग्णांच्या आप्तेष्टांना एक विनंती. क्वचित प्रसंगी, रुग्ण उपाशीपोटी तयार असताना, शस्त्रक्रिया काही तास किंवा एक दिवस पुढे गेल्याचे आपल्याला सांगितले जाते. लांबून आलेल्या, रजा काढून बसलेल्या माणसांना त्याचा किती त्रास होतो, याची आम्हांला जाणीव आहे. त्यामागे सकाळच्या चाचणीतील एक फिकट डाग किंवा एक ओले वेष्टन असू शकते. आपण कारण अवश्य विचारावे. ते आपल्याला स्पष्ट सांगण्याच्या सूचना सर्वांना आहेत. तसेच संचावरील पट्टी कशी असते, नोंदवही कशी ठेवली जाते, हे पाहण्याची इच्छा असल्यास कार्यालयात तसे कळवावे. निर्जंतुक कक्षात प्रवेश देता येत नाही, परंतु बाहेरून दाखवण्याची व्यवस्था करता येते.

देणगीदारांना आणि हितचिंतकांना आम्ही याच पानांतून आजवर खाटा, रुग्णवाहिका व यंत्रे यांसाठी आवाहन करीत आलो, आणि आपण ते कधी विन्मुख पाठवले नाही. यंदा काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मागत आहोत : नळ्या धुण्याचे ब्रश, एन्झाइमचे द्रावण, बीजाणूंच्या चाचणी-कुप्या, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी, आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी एकेक जादा संच. यांतील बहुतेक वस्तू वर्षभरात संपून जातात. त्यांवर कोणाचे नाव कोरता येणार नाही. म्हणूनच त्या मागण्याचा आम्हांला आजवर संकोच वाटत होता.

सरतेशेवटी, धुण्याच्या खोलीतील मामा व मावशी, तपासणीच्या टेबलावरील परिचारिका आणि ऑटोक्लेव्ह चालवणारे तंत्रज्ञ यांचे ऋण या पानावर नोंदवणे आम्हांला उचित वाटते. त्यांनी काम चोख केले तर ते कोणालाच दिसत नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो, एवढेच. यापुढे कोणी दबक्या आवाजात विचारले, "हत्यारे नवीन वापरतात ना?", तर आमचे उत्तर असेल : "नवीन नाहीत. धुतलेली, तपासलेली आणि निर्जंतुक केलेली आहेत. ती कोणी धुतली, केव्हा धुतली, याची नोंद आहे. हवी असल्यास दाखवतो."